‘पोकळ झाड कोसळले’ या बातमीत काय राहून जाते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वादळ होऊन गेले की दुसऱ्या दिवशी एक ठरलेली बातमी येते : ‘शंभर वर्षांचे झाड कोसळले, खोड आतून पोकळ’. शंभर हा आकडा कोणी काढला ते बातमीत नसते. पोकळ होते म्हणूनच पडले का, तेही नसते. मग आठवडाभर आजूबाजूच्या प्रत्येक ढोलीवाल्या झाडाकडे लोक संशयाने बघतात आणि त्यातल्या दोन-चारांवर करवत चालते. म्हातारे झाड धोकादायक झाले आहे की नुसतेच म्हातारे झाले आहे, हे एका भेटीत सांगणे जाणकारालाही अवघड असते. त्याच झाडाच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदींची वही समोर असेल तर काम पुष्कळ सोपे होते. ही वही कशी ठेवायची, ठेवताना कुठे चुकते आणि तिच्यातून काय वाचायचे, यासाठी हे पत्र. लांबले आहे याची कल्पना आहे; जागेअभावी कापावे लागलेच, तर घेराचा भाग तेवढा राहू द्यावा.

एका भेटीत का कळत नाही? झाडाच्या बाबतीत घाव आणि त्याची खूण यांच्यामध्ये वर्षे जातात, म्हणून. बुंध्यापासून पाच-सात मीटरवर चर खणला, मुळे तुटली, चर बुजवला. त्या वर्षी झाड जसेच्या तसे हिरवे दिसते. खोडात आणि उरलेल्या मुळांत साठवलेल्या अन्नावर ते तग धरते. शेंड्याकडच्या काड्या वाळायला लागतात त्या तीन वर्षांनी, कधी आठ-दहा वर्षांनी. तोवर तो चर कोणाच्या ध्यानातही नसतो आणि निदान ठरून गेलेले असते : ‘वय झाले’. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर झाडाच्या आधी त्याच्या भोवतालची जमीन यायला हवी. मध्ये खोड, एका बाजूला उत्तरेची खूण, आणि भोवती भिंत, गटार, फरसबंदी, रस्ता, नळ असा हाताने काढलेला नकाशा पुरतो. झाड जितके उंच तितकी मुळे खोल, हा शाळेतल्या चित्रांनी करून दिलेला गैरसमज आहे. मुळांचा बराचसा पसारा जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरमध्ये असतो आणि तो फांद्यांच्या सावलीबाहेर लांबवर जातो. जुन्या झाडांसाठी ब्रिटनमध्ये एक ठोकताळा वापरतात : खोडाच्या व्यासाच्या पंधरापट त्रिज्येचे वर्तुळ, किंवा फांद्यांच्या टोकांपासून बाहेर ५ मीटर, यांतले जे मोठे तेवढ्या जागेत खणू नये. ३ मीटर घेराच्या झाडाचा व्यास ९५ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे हे वर्तुळ १४ मीटरहून थोडे मोठ्या त्रिज्येचे झाले. नकाशावर ते आखून ठेवावे. त्याच्या आत कोणी खणले, भर घातली, फरशी बसवली, वाहने उभी करायला लागले, पाणी तुंबले किंवा पालापाचोळा पेटवला, की तारीख, दिशा, बुंध्यापासूनचे अंतर, खोली आणि तुटलेल्या मुळांची जाडी लिहायची. ‘दक्षिणेला ४ मीटरवर, ७० सेंमी खोल चर, मनगटाएवढी तीन मुळे तुटली’ एवढे एक वाक्य आठ वर्षांनी कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त सांगून जाते.

आता घेर. हा वहीचा कणा आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. काही देशांत १.३७ मीटर धरतात. कोणतीही उंची घ्या, पण ती वहीत लिहा आणि पुढे बदलू नका. जमीन उताराची असेल तर उंची चढाच्या बाजूने मोजायची. त्या उंचीवर गाठ, फांदीचा फुगवटा किंवा जुनी जखम असेल तर खाली-वर सरकून जिथे खोड सर्वांत बारीक आहे ती जागा घ्यायची आणि तिची उंची नोंदवायची. मोजपट्टी पोलादी किंवा फायबरची हवी. शिंप्याची कापडी पट्टी ताणली जाते, जुनी झाली की आणखी ताणली जाते. मग झाड दरवर्षी बारीक होत चालल्यासारखे दिसते.

पट्टी खोडाच्या अक्षाला काटकोनात, सगळीकडून सारख्या उंचीवर असली पाहिजे. मागच्या बाजूला ती घसरते, आणि एकटा माणूस मोजत असेल तर त्याला ते दिसत नाही. ३ मीटर घेराच्या खोडावर पट्टी पलीकडच्या बाजूला १० सेंटिमीटरने वर किंवा खाली गेली, तर घेर सुमारे ८ मिलिमीटर जास्त भरतो. आणि जुने झाड वर्षाला वाढते किती? खोडावर वर्षाला पडणारे लाकडाचे कडे १ मिलिमीटर जाड पडले तर घेर साधारण ६ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे पट्टी जराशी घसरली की एका वर्षाची सगळी वाढ तिच्यात बुडाली, वर आणखी दोन मिलिमीटर. म्हणून दोघांनी मोजावे, खोडाभोवती चार ठिकाणी खडूने खुणा कराव्यात, पट्टी सोडून पुन्हा गुंडाळून तीन वेळा मोजावे आणि तिन्ही आकडे लिहावेत. सरासरी नंतर कोणीही काढेल. मूळ आकडे मात्र परत मिळत नाहीत. सुटी साल, शेवाळ, वेलीचे खोड पट्टीखाली येऊ देऊ नये. वेल काढता येण्याजोगी नसेल तर तसे लिहावे. दिवसा पाणी ओढताना खोड किंचित आकसते आणि रात्री फुगते, कोरड्या महिन्यांत आकसते आणि पावसात भिजलेली साल फुगते. म्हणून मोजणी दरवर्षी त्याच महिन्यात, सकाळी, साल कोरडी असताना करावी. वर्षातून एकदा पुरे. महिन्या-महिन्याला मोजणाऱ्यांच्या वहीत झाडापेक्षा हवामानच जास्त उतरते.

मोजण्याची जागा कायमची कशी राखायची? रंगाची खूण सालीबरोबर गळून जाते. १.३ मीटरवर एक बारीक ॲल्युमिनियमचा खिळा ठोकणे सर्वांत सोपे. तो गंजत नाही, आणि पुढे कधी करवत लागलीच तर तिचे पाते मोडत नाही. दोन सेंटिमीटर बाहेर ठेवावा. वर्षाला १ मिलिमीटर जाड होणाऱ्या खोडाला तो गिळायला वीस वर्षे लागतात. झाड वाढले की खिळा वर जातो असे पुष्कळांना वाटते. तो वर जात नाही. खोड फक्त जाडीने वाढते, उंची शेंड्याकडे वाढते. हा खिळा आणखी एक काम करतो, आणि घेराइतकेच मोलाचे. दरवर्षी खिळ्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. पहिल्या वर्षी १३० सेंटिमीटर होते आणि आज १२२ भरले, तर झाड खचलेले नाही. भोवती ८ सेंटिमीटर माती किंवा मुरूम चढला आहे. ही भर कोणी एका दिवसात टाकत नाही, ती वर्षा-वर्षाला थर-थराने चढते, म्हणून डोळ्यांना कळत नाही. मुळांना हवा लागते. वरून भर पडली की बारीक मुळे गुदमरतात आणि बुंध्याची साल ओल धरून कुजायला लागते. निरोगी जुन्या झाडाचा बुंधा जमिनीला भिडताना हत्तीच्या पायासारखा पसरतो. खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत घुसलेले दिसले, तर पसरलेला भाग मातीखाली गाडला गेला आहे असे खुशाल समजावे. उलट अंतर १३० चे १३६ झाले तर माती वाहून जाते आहे.

घेराचे आकडे वाचताना एक गफलत नेहमी होते. ‘पूर्वी वर्षाला ३ सेंटिमीटर वाढायचे, आता जेमतेम ६ मिलिमीटर, म्हणजे झाड संपले.’ जरा हिशेब करून पाहा. ६० सेंटिमीटर घेराच्या तरुण झाडाचा घेर वर्षात ३ सेंटिमीटरने वाढला तर त्याच्या खोडाच्या छेदात सुमारे २९ चौरस सेंटिमीटर लाकूड नवे पडते. ३०० सेंटिमीटर घेराच्या म्हाताऱ्याचा घेर ६ मिलिमीटरने वाढला, तरी त्याचेही नवे लाकूड २९ चौरस सेंटिमीटरच्याच जवळ येते. तेवढेच लाकूड मोठ्या घेरावर पातळ पसरले, इतकेच. काळजी कधी करायची? त्याच झाडाची वाढ त्याच्याच मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा निम्म्यावर आली आणि लागोपाठ तीन वर्षे तशीच राहिली तर. एखादे वर्ष घेर मुळीच न वाढणे, अगदी एक-दोन मिलिमीटरने घटणेही, कोरड्या वर्षी घडते.

वडासारख्या झाडांत घेराची पंचाईत होते. पारंब्या खोडाला बिलगून एकजीव होतात आणि एका वर्षात घेर एकदम फूटभर वाढल्याचे दिसते. तिथे फांद्यांचा विस्तार आठ दिशांनी मोजावा आणि जमिनीला टेकलेल्या पारंब्या मोजाव्यात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड वादळांच्या तडाख्यानंतर बुरशीने पोखरले आणि १९२५ साली काढून टाकावे लागले. झाड आजही पारंब्यांवर पसरते आहे. त्याचा घेर काय, असे विचारले तर उत्तर नाही.

वयाचा आकडा तर वहीत नसलेलाच बरा. घेरावरून वय सांगणे म्हणजे बहुधा अंदाजपंचे. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत वर्षाला एक असे स्वच्छ कडे पडतच नाही. सागासारख्या काहींत ते पडते. जुने झाड आतून पोकळ असले की सुरुवातीची कडी नाहीशीच झालेली असतात. अमेरिकेत नेवाडातला एक पाइन वृक्ष १९६४ मध्ये वय शोधण्याच्या नादात तोडला गेला आणि मग त्याची ४८०० हून जास्त कडी मोजली. वय कळले, झाड गेले. गिरमिटाने भोक पाडून नमुना काढण्याचा आग्रह कोणी धरला तर ही गोष्ट त्याला जरूर सांगावी.

फोटोबद्दल थोडक्यात. जागा ठरलेली हवी : झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर जमिनीत खुंटी किंवा दगड पुरावा, कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर धरावा, झूम करू नये, खोडाला टेकवून १ मीटरची पांढरी-काळी पट्टी उभी करावी. चार दिशांनी चार फोटो, वर्षातून दोनदा : पाने पूर्ण असताना आणि शक्य तर पाने झडल्यावर. पानांतला फोटो घनता दाखवतो, झडल्यावरचा सांगाडा. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत शेंडा पांढराफटक येतो, तेव्हा ढगाळ सकाळ चांगली. मोबाइल बदलला की भिंग बदलते, म्हणून त्या वर्षी जुन्या-नव्या दोन्ही मोबाइलने फोटो काढून ठेवावेत.

पर्णसंभार किती दाट आहे हे डोळ्यांनीच ठरवावे लागते, आणि डोळे फसतात. ठरलेल्या खुंटीवरून पाहायचे, पानांतून आभाळ किती दिसते ते दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांत लिहायचे. दोघांनी एकमेकांना न विचारता लिहावे. फरक वीस टक्क्यांहून जास्त आला तर परत पाहावे. वाळलेल्या फांद्यांत भेद करावा. खालची, सावलीतली एखादी मोठी फांदी वाळणे हे झाडाचे रोजचे काटकसरीचे काम आहे. उन्हात असलेल्या बाहेरच्या टोकांना बोटाएवढ्या काड्या सगळीकडे वाळत असतील तर दोष मुळांत शोधावा. एकाच बाजूच्या वाळत असतील तर त्या बाजूचे मूळ किंवा खोड पाहावे आणि वहीचे पहिले पान उघडावे. बांडगूळ असेल तर गाठी मोजाव्यात; त्याच्या पुढचा फांदीचा भाग आधी रोडावतो, मग वाळतो. पानगळीच्या झाडात काडी मेली की झोपली हे कळत नसेल तर नखाने किंचित साल खरवडावी. खाली हिरवे दिसले तर जिवंत.

आता सर्वांत गैरसमजाचा भाग. खूप जुने झाड आपला पसारा आवरते. उंच शेंड्यापर्यंत पाणी चढवणे झेपेनासे झाले की वरच्या फांद्या वाळतात, काळविटाच्या शिंगांसारख्या उघड्या राहतात, आणि त्याच वेळी खालच्या जाड फांद्यांवर नवे फुटवे धरून दुसरा, बुटका पर्णसंभार तयार होतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला फक्त शिंगे दिसतात आणि ‘झाड मेले’ अशी तक्रार जाते. अशा अवस्थेत झाड कित्येक दशके काढू शकते. वहीत इथे दोन आकडे हवेत : सर्वांत उंच हिरव्या पानाची उंची आणि खालच्या फुटव्यांची लांबी. उंची घटते आहे आणि फुटवे दरवर्षी लांबताहेत, तर झाड स्वतःला लहान करते आहे. उंचीही घटते आहे आणि फुटवेही खुरटताहेत, तर ते खरोखर उतरणीला लागले आहे. याच फुटव्यांना ‘खोडावरची घाण’ म्हणून छाटणारे लोक आहेत. म्हाताऱ्याच्या हातातली काठी काढून घेण्याचा हा प्रकार.

ढोलीविषयी. खोडाच्या मधले गडद लाकूड तसेही मेलेलेच असते. जिवंत असतो तो सालीखालचा पातळ पदर आणि त्याला लागून असलेले फिक्या रंगाचे, पाणी वाहणारे लाकूड. अमेरिकी वृक्षवैज्ञानिक ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाड जखम भरून काढत नाही, ते तिला भिंती घालून कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. ढोलीत सिमेंट भरल्याने झाड बळकट होत नाही. झाड वाऱ्यात वाकते, सिमेंट वाकत नाही. मध्ये फट पडते, तीत पाणी साचते, आणि सिमेंट घासून झाडाने घातलेली भिंतच फुटते. कुजका भाग खरवडून ‘साफ’ करण्यानेही तेच होते.

पोकळीने ताकद किती जाते, याचा हिशेब बघण्यासारखा आहे. गोल, बंद नळीसारख्या खोडात निम्म्या व्यासाची पोकळी असली तर वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे ६ टक्केच घटते. पोकळी ७० टक्के व्यासाची झाली की २४ टक्के, आणि ९० टक्के झाली की जवळजवळ ६६ टक्के. बराच काळ काहीच बिघडत नाही आणि मग झपाट्याने बिघडते. उरलेल्या भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी झाली की सावध व्हावे, हा जर्मन संशोधक क्लाउस मॅटहेक यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा आहे. ३ मीटर घेराच्या झाडात त्रिज्या ४८ सेंटिमीटर, तेव्हा भिंत १४-१५ सेंटिमीटर. पण हा आकडा पूर्ण उंचीच्या, भरगच्च झाडांचा. पसारा आवरलेल्या म्हाताऱ्या झाडावर वारा कमी भरतो, म्हणून ते याहून पातळ भिंतीवरही उभे असते. शिवाय ढोलीला बाजूने तोंड असेल तर नळी बंद राहत नाही, आणि वरचे टक्के लागू पडत नाहीत. तेव्हा आकडा हे निमित्त, बदल पाहणे हे काम. ढोलीच्या तोंडाची रुंदी आणि उंची दरवर्षी मोजावी, कडेला येणारी लाकडाची वळकटी किती पुढे सरकली ते टिपावे. लाकडी मोगरीने खोडावर हातभर अंतराने ठोकत जावे. टणक आवाज येतो तिथे खूण नाही, ढबढब येतो तिथे खडूने रेघ. रेघांच्या आतल्या भागाचा आराखडा वहीत उतरवावा. पुढच्या वेळी तो पसरला का, हे दिसते. ठोकणारा हात दरवर्षी तोच असला तर उत्तम. भोक पाडून तपासू नये, कारण ड्रिल झाडाने घातलेली भिंत फोडून कूज बाहेरच्या निरोगी लाकडात नेते.

बुरशीचे कान, म्हणजे लाकडातून बाहेर आलेले तिचे कानासारखे भाग, दिसले की दिशा, जमिनीपासून उंची, संख्या आणि रुंदी लिहावी. फांदीच्या टोकावरचा कान आणि बुंध्याच्या तळाशी, मुळांच्या सांध्यात आलेला कान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा दिसला तर त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवावा, कारण तळ आणि मुळे कुजलेली झाडे हिरवीगार असतानाच मुळासकट उलटतात. कान तोडून टाकण्याने काही साधत नाही. खरी बुरशी लाकडात असते, कान हे तिचे फळ; तोडल्यावर फक्त खूण नाहीशी होते. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसताच औषधे ओतायची घाई होते. वाळवी बहुतेक वेळा मेलेली साल आणि मेलेले लाकूडच खात असते.

कलण्यासाठी ओळंबा. खोड ज्या बाजूला झुकले आहे त्या बाजूला एक खिळा २ मीटरवर आणि दुसरा त्याच्या बरोबर खाली ३० सेंटिमीटरवर ठोकावा. वरच्या खिळ्याला ओळंबा लावून खालच्या खिळ्याजवळ दोरी किती बाहेर येते ते मोजावे. वारा नसलेली सकाळ निवडावी, नाहीतर दोरी डोलत राहते. दोन खिळ्यांत १.७ मीटर अंतर असल्याने हे माप ३ सेंटिमीटरने वाढले तर झाड सुमारे एक अंशाने झुकले. खोड जाड झाल्याने मापात फरक पडत नाही, कारण खिळे जागच्या जागी गाडलेले राहतात. जन्मापासून तिरके आणि वरून पुन्हा सरळ झालेले झाड सहसा निवांत असते. पूर्वी सरळ असलेले झाड एका ऋतूत झुकले, आणि विरुद्ध बाजूची जमीन फुगली किंवा तिला अर्धवर्तुळाकार भेग पडली, तर वहीत लिहीत बसू नये. आधी माणसे बाजूला करावीत. दुबेळक्यातली फट असेल तर तिच्या दोन्ही कडांवर दोन बारीक खिळे ठोकून त्यांच्यातले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. इथे वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा गांभीर्याने घ्यावा.

पालवी, मोहोर, फळे, पानगळ यांच्या नोंदी आठवड्याच्या ठरलेल्या वारी कराव्यात. ‘पहिले फूल’ म्हणजे काय ते आधी ठरवावे. तीन वेगळ्या फांद्यांवर निदान एकेक फूल पूर्ण उमललेले, अशी व्याख्या चालते. आणि काही घडले नसेल तर ‘काही नाही’ असे लिहावे. रिकामी रेघ पुढे दोन अर्थांनी वाचता येते : फूल नव्हते, किंवा माणूस आला नव्हता. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली पालवीच्या आणि ऋतुबदलाच्या अशा नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालवल्या. पिढ्या बदलल्या तरी वही तुटली नाही, म्हणून हवामानाच्या अभ्यासकांना ती आज उपयोगी पडते.

माणूस बदलताना वही बहुधा बिघडते. नवा निरीक्षक पट्टी जरा ढिली धरतो, घनता जरा उदारपणे लिहितो, आणि आलेखात त्या वर्षी झाड अचानक धडधाकट होते. म्हणून निदान एक वर्ष जुन्या आणि नव्या माणसाने एकाच दिवशी वेगवेगळे मोजावे आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. नोंद शिसपेन्सिलीने करावी. शाई पावसाच्या एका थेंबात पसरते. चुकलेला आकडा खोडू नये, त्यावर एकच रेघ मारून शेजारी बरोबर लिहावा. वर्षातून एकदा सगळ्या पानांचे फोटो काढून दुसऱ्याकडे ठेवावेत.

संपादक महोदय, आता तुमच्याकडे मागणे. पडलेल्या झाडाची बातमी छापताना ‘शंभर वर्षांचे’ या शब्दांच्या जागी घेर छापा आणि तो किती उंचीवर मोजला ते सांगा. झाड मुळासकट उलटले, खोडात मोडले की दुबेळक्यात फाटले, हे लिहा. खोड पोकळ असेल तर उरलेल्या भिंतीची सर्वांत कमी जाडी किती होती, आणि मुळे तुटलेली होती तर त्यांची टोके ताजी होती की जुनी, काळी पडलेली, हेही बातमीदाराला दहा मिनिटांत पाहता येते. मागच्या दहा वर्षांत शेजारी काय खणले गेले, हे तिथल्याच चार माणसांना विचारता येते. दबलेल्या गाडीचा फोटो छापू नका असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या शेजारी मोडलेल्या जागेचा, पट्टी लावून काढलेला, एक फोटो छापा. आणि तो लाकूड उचलून नेण्याआधी काढा.

आपले,
झाडांच्या वह्या ठेवणारे काही वाचक